बाईंचं ‘बरोबर’

अर्धी हयात मुलांना शाबासकी देण्यात गेली, आणि मग अंगावर काळा कोट चढवला. जिभेचं वळण काय एका दिवसात जाणार? बाईंचं तसंच झालं. शाळा सोडून त्या वकील झाल्या, पण समोरचा काहीही बोलला की तोंडातून ‘बरोबर’ निघायचंच. घरी नवऱ्याला ते भारी गोड लागायचं. कोर्टात मात्र नुसता घोळ.

दर शनिवारी बाररूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, जुने वकील नवख्यांना खटला कसा चालवायचा ते शिकवत. त्यातले थोरले वकील तर स्वतःच साक्षीदाराचं सोंग घेऊन खुर्चीत बसायचे. बाई त्यांची उलटतपासणी घ्यायला उभ्या राहिल्या. चोर मी या डोळ्यांनी पाहिला, असं ते म्हणाले, आणि बाई म्हणाल्या, बरोबर. झालं! जो तो पोट धरून हसला. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोरल्यांनी सगळ्यांना दटावलं. मग बाईंना जवळ बसवून सांगितलं, “अहो, विरुद्ध बाजूच्या साक्षीवर तुम्हीच शिक्का मारताय. उत्तर आलं की ओठ मिटा आणि साक्षीदाराकडे बघत राहा. शांतता तुम्हाला जड जाते ना, तशी त्यालाही जाते.” पुढे कितीतरी शनिवार त्यांनी एवढंच घोटून घेतलं, पण कधी वैतागले नाहीत. असा माणूस भेटायला नशीब लागतं हो.

मग एका गोदामाचा रखवालदार बाईंकडे आला. त्याच्यावर चोरीचा आळ होता आणि सरकारी पक्षाची सगळी भिस्त समोरच्या दुकानदाराच्या साक्षीवर. ती टिकली की हा तुरुंगात. सुनावणीला त्याची बायको मागच्या बाकावर जीव मुठीत धरून बसली होती.

चोराला किती लांबून पाहिलंत, बाईंनी विचारलं. रस्त्यापलीकडून, पण तो हाच होता, दुकानदार ठासून म्हणाला.

‘बरोबर’ अगदी दातांपर्यंत आलं. बाईंनी ते गिळलं आणि नुसत्या बघत राहिल्या. वर पंखा कुरकुरत होता. दुकानदार चुळबुळला, घसा खाकरला.

“म्हणजे... तोंड नाही दिसलं. तिथं दुसरं कोण असणार, म्हणून म्हटलं.”

न्यायाधीशांनी मान वर केली आणि ते लिहून घेतलं.

रखवालदार सुटला. तो हात जोडून रडायला लागला, तेव्हा आभार मानायचे तर चला, म्हणत बाईंनी नवराबायकोला शनिवारी बाररूममध्ये नेलं. सगळं ऐकून थोरल्यांचे डोळे भरले. ते लपवायला म्हातारा उगाच गुरगुरला, “म्हणजे माझी शिकवणी अगदीच वाया गेली नाही तर?”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. या वेळी कोणी हसलं नाही.