अकरा वर्षांचं गिऱ्हाईक

ईट गावाच्या पुढं फाट्यावर महालिंगप्पांची खव्याची भट्टी आहे. पुढं पेढ्याचं दुकान, मधे काच, काचेमागं कामाची माणसं. त्या काचेमागं शिवकन्या अकरा वर्षं पेढे वळत होती आणि अकरा वर्षांत तिचं नाव एकदाही हजेरीत चढलं नव्हतं. आता लगेच अप्पांना शिव्या घालू नका. अप्पा माणूस देवभोळा, सोमवार कडक पाळणारा. फक्त वीस या आकड्याला ते भ्यायचे.

त्याचं असं, की वीस माणसं कामाला लागली की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. मालकानं आपल्या पदरचं भरायचं, कामगाराच्या पगारातून कापायचं, दर महिन्याला कागद पाठवायचे. आणि एकदा लागू झाला, की पुढं माणसं कमी झाली तरी सुटका नाही. कायदा कामगाराच्या भल्याचाच, त्यात वाद कशाला? पण अप्पांनी त्यातून एवढंच घेतलं, की एकोणिसाव्या माणसानंतर दार लावायचं. लातूरच्या व्यापाऱ्यानं दुप्पट माल मागितला, अप्पांनी त्याला लांबूनच हात जोडले. गावातल्या चार बाया काम मागायला आल्या, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. भट्टी वाढली नाही, पगार वाढले नाहीत, आणि अप्पांना झोप मात्र छान लागायची.

शिवकन्या विसावी. तिच्यासारखा पेढा कुणाला वळता येत नव्हता, म्हणून अप्पांना तिला सोडवत नव्हतं. आणि लिहावं, तर वीस भरत होते. मग तोड निघाली. तपासणीचा साहेब आला की तिनं डोक्याची जाळीची टोपी काढायची, मागच्या दारानं वळसा घालून दुकानात यायचं आणि गिऱ्हाईक व्हायचं. पावशेर पेढे मागायचे, भाव लई झाला म्हणून कुरकुर करायची, साहेब जाईपर्यंत रेंगाळायचं. हे ती इतकं बेमालूम करायची, की एकदा कुरकुरीच्या भरात तिनं अप्पांकडून खरोखरचे दहा रुपये कमी करून घेतले.

गंमत झाली खरी, पण तिचं पोट त्यानं भरत नव्हतं. हजेरीतल्या बायांना आठवड्याची भरपगारी सुट्टी, दिवाळीला बोनस. हिला नुसता रोज, तोही खाडा झाला की बुडाला. आणि मागच्या वर्षी लेकीच्या, मोनिकाच्या, शाळेचा फॉर्म आला, त्यात आईचं काम काय म्हणून विचारलं होतं. मोनिकानं तिच्याकडं बघितलं आणि ‘घरकाम’ लिहून टाकलं. शिवकन्याला ते लई लागलं.

मग या पावसाळ्यात धुरपदाबाईंच्या गुडघ्यांनी ऐकायचं सोडलं. हजेरीतली सगळ्यांत जुनी बाई, तिनं काम सोडलं. अप्पांनी शिवकन्याला बोलावलं.

“सोमवारी आधार कार्ड घेऊन ये. धुरपदाबाईच्या जागेवर तुझं नाव चढवतो. अकरा वर्सं धरून, जुन्या बाईचा पगार.”

शिवकन्या घरी गेली ती पळतच. आधार कार्ड पिशवीत घातलं, काढलं, परत घातलं.

आणि शुक्रवारी साहेब आला. सोमवार तीन दिवसांवर, पण त्याला काय त्याचं! शिवकन्यानं सवयीनं टोपी काढली, वळसा घातला, पावशेर पेढे मागितले. साहेबानं काउंटरवरचा एक पेढा तोंडात टाकला, दुसरा हातात धरून उलटसुलट बघितला.

“छान आहे हो,” तो म्हणाला. “सगळे अगदी एकसारखे. मशीनचे दिसतात.”

“मशीनचे कशाचे, साहेब?” शिवकन्या एकदम उसळली. “हाताचे हायत! ह्या माझ्या हाताचे!”

झालं. अप्पांच्या हातातलं वजन हातातच राहिलं. काचेमागच्या बायांचे हात थांबले.

“म्हणजे तुम्ही इथं कामाला आहात?”

“व्हय,” शिवकन्या म्हणाली. आता दुसरं काय म्हणणार?

साहेबानं काचेमागं बोट करून मोजलं. अठरा. मग तिच्याकडं बोट केलं. एकोणीस. धुरपदाबाई गेल्यामुळं हिशोब बरोबर बसत होता. अप्पांचा जीव भांड्यात पडला, ते स्टुलावर टेकले. तोवर साहेबानं पेन उघडलं.

“किती वर्षं झाली, ताई?”

अकरा वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. खरी अकरा सांगावीत, तर गेल्या आठवड्यापर्यंत भट्टीवर वीस जण होते हे उघडं पडणार, म्हणजे कायदा लागला. आणि अप्पांनी शंभरदा बजावलं होतं, विसावा मोजला गेला की त्या खर्चापायी कामावरच्या चौघींना घरी बसवीन. त्यात पहिली सोनाली, सगळ्यांत नवी, शिवकन्यानंच शिकवलेली. सोनाली काचेमागून तिच्याकडं बघत होती. तोंड पांढरंफटक.

“आजपासून,” शिवकन्या म्हणाली.

साहेबानं लिहून घेतलं आणि गेला.

सोमवारी अप्पांनी हजेरीपट उघडला. नाव लिहिलं. रुजू झाल्याची तारीख, शुक्रवारची. त्यापुढं पगार लिहिला, नव्या बाईचा. पहिले तीन महिने शिकाऊ म्हणून. तिला रोजावर महिन्याला जेवढं पडायचं, त्याहून कमी.

“अप्पा, हे काय हो?”

“साहेबाच्या कागदावर तू नवी म्हणून गेलीस, बाई. आता जुनीचा पगार दिला, तर तोच कागद उद्या माझ्या गळ्यात यायचा.”

“मी तुमच्यासाठी खोटं बोलले.”

“तेच तर,” अप्पा म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. पण पगार त्यांनी खोडला नाही.

शिवकन्यानं सही केली. टोपी घातली. मग जाता जाता विचारलं, “अप्पा, नवी बाई दिवसाला किती पेढे वळती?”

“दोनशे धर,” अप्पा बेसावधपणे बोलून गेले. शिवकन्या रोजचे दीड हजार वळायची.

साडेदहाच्या आत तिचे दोनशे झाले. तिनं हात धुतले आणि भिंतीला टेकून बसली. अप्पा आले, म्हणाले, काय गं, बरं नाही का? ती म्हणाली, बरी हाय की. माझे झाले. अप्पा म्हणाले, अगं, धाराशिवची गाडी चारला माल न्यायला येणार हाय. ती म्हणाली, मी अजून शिकतेय, अप्पा.

तिला रडू येत होतं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वेळी बसल्याचं बरंही वाटत होतं. परातीतला खवा गार व्हायला लागला. अप्पांनी खव्याकडं बघितलं, बायांकडं बघितलं, कुणी मान वर करेना. शेवटी टोपी घालून ते स्वतःच परातीशी बसले आणि पेढे वळायला लागले. एक चपटा झाला, एक लांबुळका. शिवकन्या बघत बसली, पण हात लावला नाही.