रंग नको, आकडा दे

“रंग नको गं सांगूस. आकडा दे.”

असं म्हणून काका माझ्या हातातला रेझिस्टर काढून घ्यायचे, मीटरच्या दोन पिनांमध्ये धरायचे आणि काटा थांबेपर्यंत गप्प बसायचे. साकीनाक्याच्या एका गाळ्यात आम्ही पीएच मीटर बनवायचो. मी वायरिंगला, ते टेस्टिंगला. रेझिस्टरवर रंगीत पट्टे असतात आणि पट्ट्यांवरून त्याचं माप कळतं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. काकांना जन्मापासून तांबडा आणि हिरवा एकच दिसायचा. म्हणून बाकी सगळे पट्टे बघून भराभर माल पुढे ढकलायचे आणि हे एकेक रेझिस्टर मोजत बसायचे. मालक करवादायचे. काका मान वर करायचे नाहीत.

आता त्यांची आठवण निघाली की लोक ‘बिचारे’ म्हणतात. मला राग येतो. बिचारे कसले? कुणी कीव करायला घरात आला, तर चहाच्या आत त्याला जिन्यापर्यंत पोचवणारा माणूस होता तो.

घाटकोपरला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. ते दुसऱ्या मजल्यावर, मी त्यांच्या बरोबर खाली. गाळ्यातले काका आणि घरातले काका असे दोन्ही मला बघायला मिळाले, आणि गाळ्यात कुणाला न बधणारा हा माणूस घरी मात्र एका बाबतीत पुरता काकूंच्या ताब्यात होता. त्यांना मधुमेह होता.

त्या काळी घरी साखर तपासायची म्हणजे एक सोपस्कारच असायचा. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडीशी. विटेसारखं तांबडं झालं तर वाट लागली. निळा काकांना ओळखता यायचा. पुढे हिरवा की तांबडा, ते सांगायचं काम काकूंचं.

काकू मालवणकडच्या. मनाने सोनं, पण मूड सांभाळावा लागे. भांडण झालेलं असलं की नळी तांबडी व्हायची आणि काकांच्या ताटात कारल्याची भाजी पडायची. सणासुदीला मात्र ती हटकून हिरवी. “हिरवो आसा. खावा,” असं म्हणत त्या वाढायच्या. आम्ही शेजारीपाजारी हे बघून हसायचो. त्यात काही वाईट आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग एका गणपतीत काकूंनी उकडीचे मोदक केले. काकांचा जीव की प्राण. सकाळी नळी हिरवी, दुसऱ्या दिवशी हिरवी, तिसऱ्या दिवशीही हिरवीच. चौथ्या दिवशी काका गाळ्यात टेबलावरच कोसळले. हॉस्पिटलात त्यांना शुद्ध आली तेव्हा मी तिथेच होते. काकू पलंगाच्या दांडीला धरून उभ्या होत्या.

“तांबडो होतो,” त्या म्हणाल्या. “तिनय दिस तांबडो होतो. तुमका मोदक आवडतत म्हणान हिरवो बोलले मी.”

मला वाटलं, आता हे भडकणार.  पण ते अगदी सावकाश म्हणाले, “माझ्या अंगात काय आहे, ते यापुढे मला कुणी सांगायचं नाही. मी स्वतः बघणार. आणि मोदक खाईन तो आकडा बघूनच.”

आपण सगळेच रागाच्या भरात असं काहीतरी बोलतो आणि विसरतो. ते विसरले नाहीत.

गाळ्यात परत आल्यावर त्यांनी दुसरं कामच काढलं. ते म्हणत, पीएचचा इलेक्ट्रोड पाण्यात बुडवला की काटा आंबटपणा सांगतो, तर मग साखर का सांगू नये? कुठल्याशा कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवणाऱ्या त्यांच्या मित्राने त्यांना एक एन्झाइम मिळवून दिलं. चिमूटभर पिवळसर पूड. ती गाळ्याच्या फ्रिजमध्ये ताकाच्या बाटलीमागे ठेवलेली असायची आणि तिला हात लावला तर काका जीव घेतील हे सगळ्यांना माहीत होतं. प्लॅटिनमच्या तारेच्या टोकावर ते एन्झाइम लावायचं आणि वर पातळ पडदा ताणून बांधायचा. ते ग्लुकोजवर काम करतं, त्यातून जे तयार होतं ते तारेला कळतं, आणि जितकी साखर जास्त तितका करंट जास्त. गुळाच्या पाण्यात तार बुडवली आणि काटा चढला, तेव्हा काकांनी मला हाताला धरून टेबलापाशी ओढत नेलं होतं.

मालक वैतागले. “काका, हे विलायतेतले लोक बनवतात. आपण पीएच बघू या ना.”

“बनवत असतील,” काका म्हणाले. “त्यांनाही बायकांनी फसवलं असणार.”

मालकांनी एकच संधी दिली. सगळ्यांसमोर दाखवा, जमलं तर करत राहा, नाहीतर तार, एन्झाइम सगळं बंद. काकांनी आठवडाभर गोडाला शिवायचं नाही असं ठरवलं. भाकरी, मेथी, ताक. त्यांचा स्वतःचा लघवीचा नमुना शून्य दाखवणार, आणि त्यात ग्लुकोज घातलं की काटा चढणार, असा बेत होता. त्या दिवशी कपात नमुना ओतला, तार बुडवली, आणि काटा सरळ शेवटच्या रेघेवर जाऊन आपटला. काकांनी तार धुतली, पुन्हा बुडवली. पुन्हा तेच.

मालक हसले. “हा डबा साखर नाही दाखवत काका, तुमचं नशीब दाखवतो.” आणि बाकीचेही हसले. काकांचे कान लाल झाले होते. ते मला दिसलं, त्यांना दिसलं नसतं.

तुमच्या-माझ्यासारख्याने तिथेच नाद सोडला असता. काकांनी त्याच दुपारी जेवणाचा डबा टेबलावर उघडला आणि पोटात जाणारी एकेक गोष्ट थेंबाथेंबाने साध्या पाण्याच्या कपात घालून तार बुडवायला लागले. ताक घातलं, काटा जागचा हलला नाही. मेथीचं पाणी, तसंच. मग त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली. हॉस्पिटलातून आल्यापासून काकू त्यांना सकाळ-संध्याकाळ आवळ्याचा रस पाजत होत्या. मधुमेहाला चांगला म्हणून. केलेल्या चुकीची भरपाई म्हणूनही असेल. रसाचा थेंब पडला आणि काटा शेवटच्या रेघेवर गेला.

“साखर घातलीय यात?” मी विचारलं.

“कणभर नाही. पण आवळ्यात सी व्हिटॅमिन असतं, तेही तारेवर करंट देतं. पोटातून ते लघवीत उतरणारच. तारेला काय ठाऊक साखर कुठली आणि आवळा कुठला.”

उपायही त्यांनीच शोधला. एका तारेऐवजी दोन. एकीवर एन्झाइम, दुसरी तशीच. दुसरीला फक्त आवळा कळणार, पहिलीला आवळा आणि साखर दोन्ही. पहिलीतून दुसरी वजा केली की उरते ती साखर. मालकांना त्यांनी पुन्हा सगळ्यांसमोर उभं केलं, त्यांच्या डोळ्यांदेखत ग्लासभर आवळ्याचा रस प्यायले, आणि तासाभराने आपल्या नमुन्यात काटा शून्यावर उभा करून दाखवला.  फ्रिजमधला कप्पा काकांचा राहिला.

घरी काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, “म्हणजे आवळोय खोटा बोलता?”

मीटरचा डबा घरी आला आणि काकांच्या सकाळी बदलल्या. शून्य आलं की गॅलरीत येऊन ते “शून्य” असं जाहीर करायचे, जणू निवडणूक जिंकली. पण गणपतीत कधी शून्य आलं नाही. काकू मोदक करायच्या, ताट पुढे ठेवायच्या. “एकच खावा.” काका विचारायचे, “आकडा?” आणि काकू ताट उचलून आत न्यायच्या. मला दोघांचंही वाईट वाटायचं. खोटं बोलायची सोय गेली, आणि तिच्याबरोबर मोदकही गेला.

पुढे त्यांची नजर गेली. मधुमेह डोळ्यांत उतरला होता. नोकरी सुटली. काटा दिसेना. मी वर गेले आणि म्हटलं, “काका, रोज सकाळी मी येऊन आकडा वाचत जाईन.”

“येशील गं. आणि गणपतीत?”

 काकू ताट घेऊन समोर उभ्या असताना मी खरंच खरं बोलले असते का? तुम्ही बोलला असतात?

“मग लोखंड तापव,” ते म्हणाले. “मी सांगतो तसं जोडत जा.”

महिनाभर मी सोल्डरिंग करत होते आणि ते प्रत्येक जोड बोटाने चाचपून बघत होते. काट्याच्या जागी शिट्टी आली. साखर नसेल तर आवाज नाही. साखर जितकी जास्त, तितकी शिट्टी चढी. पडदा बांधणं, तारा बुडवणं, सगळं ते हाताच्या अंदाजाने करायला शिकले. गाळ्यातून एन्झाइम मात्र मी बर्फाच्या थर्मासमधून आणून द्यायची.

आता त्यांची साखर साऱ्या इमारतीला ऐकू यायची. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडायचं, “काका, काल आंबा झाला वाटतं.”

“झाला. माझा आंबा, माझी साखर. तुला काय त्रास?”

एका सकाळी शिट्टी वाजली नाही. मी खाली चहा टाकत होते. मनात म्हटलं, वा, आज शून्य. समोरचाही तसंच काहीतरी म्हणाला. काका झोपेतच गेले होते, हे कळायला आठ वाजले.

दिवस-पिंड काही करायचं नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. काकूंनी ते पाळलं. पण तेराव्या दिवशी त्यांनी मोदक केले आणि ताट घेऊन गच्चीवर गेल्या. मी सोबत होते. कठड्यावर ताट ठेवलं. अँटेनावर एक कावळा बसला होता.

“हिरवो आसा,” काकू त्याला म्हणाल्या. “खावा.”

कावळा बघत राहिला. बराच वेळ. काकूही उन्हात तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी ताट उचललं आणि जिना उतरायला लागल्या. “ते नाय खावचे. माका ठावक आसा.”

घरात डबा होता तिथेच होता. तारेवरचा पडदा काकांनीच शेवटचा बांधलेला. काकूंनी मोदक फोडला, आतलं गूळ-खोबरं कपातल्या पाण्यात कालवलं, तारा बुडवल्या आणि बटण दाबलं. शिट्टी चढत चढत इतकी वर गेली की गॅलरीतली दारं एकामागून एक उघडायला लागली. मी बंद करायला हात पुढे केला. काकूंनी तो धरला.

“आयकलात मां?” त्या डब्याकडे बघून काकांना म्हणाल्या. “तांबडो आसा. आता खावा.”

आणि शिट्टी तशीच वाजत ठेवून त्यांनी ताट डब्यापुढे सरकवलं.