स्टुलाच्या जागी

रविवार, जानेवारीतला दुसरा. सकाळी सात. शिरगावचा किनारा, सुरूच्या बनामागे आमचा तबेला.

हजर घोडे सहा: चंदा, बिजली, शेरू, मोती, राजा आणि म्हातारी जमना. हजर शिकणारे अकरा. त्यांत सगळ्यात लहान सात वर्षांची मुलगी, सगळ्यात मोठे सदुसष्ट वर्षांचे निवृत्त गृहस्थ. घोडेस्वारी शिकवणारे सर. तबेल्याचे मालक, त्यांना आम्ही साहेब म्हणतो. मी, घोडे आणि सामान सांभाळणारी. गैरहजर: लाकडी स्टूल.

तीन पायऱ्यांचं स्टूल होतं ते. नवशिक्याने त्यावर उभं राहायचं, रिकिबीत पाय घालायचा आणि खोगिरावर बसायचं. शनिवारी त्याचा एक पाय मोडला. ज्याने बनवलं त्या चिंचणीच्या सुताराकडेच ते दुरुस्तीला टाकलं होतं.

पहिला नंबर बोईसरच्या एका कारखानदाराच्या पत्नीचा. चंदाच्या रिकिबीपर्यंत त्यांचा पाय पोचेना. दोनदा प्रयत्न झाला. तिसऱ्यांदा त्या हसायलाच लागल्या. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. वाळूत दगड कुठून मिळणार? मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"मावशी, जरा वाका ना. एक मिनिट."

मी वाकले. गुडघे वाळूत, तळहात वाळूत. मला कुणी ढकललं नाही. कुणी धमकावलं नाही. "ना" लावून सांगितलं आणि मी वाकले. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना मला स्वतःला वाचवता येणार नाही.

बुटाची टाच कमरेच्या वर पडली, मणक्याच्या डाव्या बाजूला. वजन आलं. थांबलं. गेलं.

"हलू नका हं मावशी, मला भीती वाटते," बाई वरून म्हणाल्या.

मी उठायला लागले तर साहेब म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. पुढचे येतायत."

रांग लागली. सात वर्षांच्या मुलीला सर नुसतं उचलून बसवू शकले असते. तिने हट्ट धरला. "मला पण मावशीवरून चढायचंय." सगळे हसले. मीही हसले. तोंड खाली होतं, कुणाला दिसलं नसेल.

दोन तुकड्यांची स्वारी झाली. मग घोड्याच्या निगेचा धडा. सर चांगले शिकवतात. खोगीर उतरवलं की आधी पाठ बघायची, हा त्यांचा पहिला नियम.

"तळवा सपाट ठेवा," ते म्हणाले. "कुठे गरम लागतंय का, कुठे कातडी थरथरते का, बघा. घोडा बोलत नाही, म्हणून आपण विचारायचं."

सगळ्यांनी घोड्यांच्या पाठींवरून हात फिरवले. "दुखतं का गं तुला?" लहान मुलीने जमनाला विचारलं. कारखानदारांच्या पत्नी चंदाला गाल लावून उभ्या होत्या. मी त्यांच्यामागे पाण्याची बादली धरून होते. माझ्या सदऱ्यावर ओल्या वाळूचे ठसे होते. ते मी स्वतःही झटकले नव्हते.

तबेल्यात एक फळा आहे, मीच आखलेला. घोड्याचं नाव, त्याला झेपणारं वजन, आज किती जण बसले, पाठ तपासली का. जमनावर साठ किलोच्या वरचं माणूस बसवायचं नाही. कुठल्याही घोड्यावर दिवसात तिघांपेक्षा जास्त नाहीत. त्या दिवशी मी आकडे भरले. दोन, दोन, दोन, दोन, दोन, एक. बेरीज अकरा, बरोबर आली. ते अकराही आधी माझ्यावर चढले होते. हे खडू हातात असताना लक्षात आलं. मी खडू ठेवला आणि चहा टाकला.

याद्यांची सवय मला तारापूरच्या कारखान्यात लागली. चौदा वर्षं पॅकिंगला होते. काय आहे, काय नाही, आणि नसेल तर त्याऐवजी काय, असे तीन रकाने. तिसरा भरल्याशिवाय पाळी सुटत नसे. तबेल्यात आल्यावरही मी पुढच्या रविवारची यादी तशीच करते. त्या सोमवारी केली. खोगिरं सहा, आहेत. खोगीर पोटाखालून आवळायचे तंगाचे पट्टे आहेत, मोतीचा झिजलाय, त्याऐवजी राजाचा जुना. घोडे घासायचे खरारे चार, आहेत. स्टूल, नाही.

तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं: मी.

खाली आधीच एक ओळ होती, "सुताराला फोन करणे". ती खोडली. सोय झाली होती ना.

साहेबांनी यादी वाचली. "मावशी, तुमच्यासारखं नीट काम कुणाचंच नाही." मला बरं वाटलं. बुटापेक्षा ते बरं वाटणंच मला आता जास्त छळतं.

आमचा पाडा बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. घरात मी आणि बा. दोन-तीन दिवसांनी मी कमरेला तेल लावत होते. बा अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसला होता.

"काय झालां?" त्याने विचारलं.

सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. तो चिडला नाही. शेंगा सोलत राहिला. मग म्हणाला, "किती जड व्हती ती?"

"तुला काय करायचंय?"

"माजा बा सावकाराला खांद्यावर घेऊन नदी उतरवायचा. घरी आला का माजी आय त्याला येवढांच इचारायची. आज जड व्हता का हलका." त्याने दोन शेंगा सोलल्या. "दुसरां काय इचारायचां, कोनालाच म्हाईत नवतां."

त्या दिवसानंतर तो बूट माझ्या पाठीवर यायला लागला. भाजी घ्यायला वाकले की येतो. पालघर स्टेशनबाहेर रिक्षात शिरताना येतो. आधी वजन, मग टाच. वळून पाहावं तर मागे कुणी नाही. एकदा चंदाचा खूर साफ करताना आला. मी एवढी दचकले की चंदाने पाय ओढून घेतला आणि दिवसभर मला जवळ येऊ दिलं नाही. कधीकधी तो बूट नसतोच. गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला एक उघडा, जड पाय असतो. तो पाय मी कधी पाहिलेला नाही. तरी ओळखते, सावकाराला घेऊन नदी उतरणाऱ्या आज्याचा.

असे आणखी दोन रविवार गेले. मी वाकत होते. चढणाऱ्यांना सवय झाली होती, मलाही. सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ दर वेळी "सॉरी हं" म्हणायचे आणि चढायचे.

चौथा रविवार. त्यांचाच पहिला नंबर. त्यांनी एक हात सरांच्या खांद्यावर ठेवला होता. साहेबांशी केळव्याच्या जमिनीच्या भावाबद्दल बोलणं चाललं होतं. बोलता बोलता त्यांनी पाय उचलला. मी अजून वाकले नव्हते. पाय हवेत तसाच थांबला. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. तिथे पाठ येणारच, याची त्या पायाला खात्री होती.

मी उभी राहिले.

"मावशी?" साहेब म्हणाले.

"मी वाकणार नाय."

"अहो, इतके रविवार करताय. आज काय झालं?"

"इतके रविवार केलं, ते चुकलं."

"एवढ्याशा गोष्टीचा तमाशा कशाला?"

"एवढीशीच हाय तर तुमी वाका."

गृहस्थांनी पाय खाली ठेवला. सर वाळूकडे बघत होते. मग त्यांनी घोडे पाण्याच्या टाकीजवळ नेले आणि टाकीच्या कठड्यावरून सगळ्यांना चढवलं. पाच पावलांवरची टाकी. ती पहिल्या रविवारीही तिथेच होती.

मला वाटलं, संपलं. घरी जाताना पाठ हलकी लागत होती.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. आवाज अगदी मऊ. "तुमच्या वयाला हे झेपत नाही, माझ्या लक्षात यायला हवं होतं." म्हणजे प्रश्न माझ्या वयाचा होता. त्यांनी माझी यादी पुढे ओढली, तिसऱ्या रकान्यातलं "मी" खोडलं आणि तिथे लिहिलं: रंजना.

रंजना आमच्या शेजारच्या पाड्यावरची. तिशीतली, दोन मुलांची आई. दोनच महिन्यांपूर्वी लीद काढायच्या कामावर लागली होती. मीच तिला लावली होती. मी त्या कागदाकडे पाहिलं आणि काहीही न बोलता बाहेर आले. माझं नाव तर निघालं होतं.

पुढच्या रविवारी ती वाळूत गुडघ्यांवर होती. पाठीवर तिने गोणपाटाची घडी बांधली होती. कपडे खराब होऊ नयेत म्हणून घरून घेऊन आली होती. कारखानदारांच्या पत्नींना ती घडी आवडली. "हे बरं केलंस गं, पाय घसरत नाही."

मी जाऊन रंजनाचा दंड धरला. "ऊठ."

ती उठली नाही. खालूनच म्हणाली, "बाय, कागदावर तुमीच तर लिवलेलां."

खोटं काय होतं त्यात? जागा मी तयार केली. रकाना मी आखला, पहिलं नाव मी घातलं, सुताराची ओळ मी खोडली. नंतर मी फक्त माझी एकटीची पाठ काढून घेतली. जागा तशीच ठेवली. मोकळ्या जागेत कुणीतरी येणारच होतं. साहेबांच्या बायकोचं नाव तिथे येणार नव्हतं.

मी चंदाचा लगाम धरला आणि तिला आत नेलं. मग बिजली. मग शेरू. सहाही आत घेतले, तंग सैल केले, खोगिरं उतरवली. अडसर लावला आणि दारात उभी राहिले.

"स्टूल येत नाही तोवर घोडा बाहेर निघणार नाही," मी म्हणाले. "आणि पुन्हा त्या जागी माणूस लिहिलात तर कधीच निघणार नाही."

"घोडे माझे आहेत," साहेब म्हणाले.

"तुमचेच. न्या बाहेर."

ते पुढे आले नाहीत. शेरू त्यांना चावतो. त्यांनी सरांकडे पाहिलं. सर जागचे हलले नाहीत. ते माझ्या बाजूने होते असं मी म्हणणार नाही, पण हलले नाहीत.

धडा रद्द झाला. मी तिथेच उभी राहून सुताराला फोन लावला. तो म्हणाला, "स्टूल? कधीचं तयार आहे. तुमच्याकडून कुणी विचारलंच नाही. मला वाटलं आता लागत नसेल."

मंगळवारी स्टूल आलं. त्यावरून लोक चढतात. साहेब माझ्याशी कामापुरतं बोलतात. मला काढत नाहीत, कारण घोडे दुसऱ्या कुणाच्या हाताने खात नाहीत. ज्या दिवशी खातील त्या दिवशी काढतील. काढू देत. मी इथे आहे तोवर कुठलीही बाई त्या वाळूत गुडघे टेकणार नाही. साहेब कुणाला टेकवायला गेले तर मी घोडे आत घेणार. पुन्हा घेणार, दहा वेळा घेणार. याबद्दल आता विचार करायचा नाही, ठरलं आहे.

रंजना मात्र त्या रविवारपासून आली नाही. मुलांना घेऊन वसईकडे कामाला गेली होती, आता परत आली आहे, असं पाड्यावर कळलं. मी दोनदा निघाले. एकदा तिच्या पाड्याच्या वळणापर्यंत गेले आणि मागे फिरले. साहेबांसमोर उभं राहायला मला वेळ लागला नाही. तिच्यासमोर उभं राहायला लागतो आहे.

तिला कामावर परत बोलवायला जायचं नाही. तिच्या दारात, तिची मुलं आणि शेजारी ऐकत असताना सांगायचं आहे, की तुला वाकवणारी पहिली मी. तुझं नाव कागदावर चढलं तेव्हा मी समोर होते आणि गप्प बसले. ती दार लावून घेईल, शिव्या देईल. उभं राहून ऐकायचं. मध्ये एक शब्द बोलायचा नाही.

हे काम राहिलं आहे. अजून मी गेलेले नाही.