पंधरावा पाहुणा

या सदरातले गूढ अनुभव मी तीन-चार वर्षांपासून वाचतो, पण लिहिलं कधीच नाही. खरं सांगायचं तर प्रत्येक अनुभव वाचताना मी मनातल्या मनात त्याचं कारण शोधत असतो. वायरिंग सैल असेल, झोप झाली नसेल, कुणी मस्करी केली असेल… माझं कामच तसं आहे. संगणक स्वतःहून काही करत नाही. त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि कुणी सांगितलं ते कुठेतरी नोंदलेलं असतं. हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. ज्यांनी शिकवलं, त्यांच्याबद्दलच हे आहे. नावं बदलली आहेत.

मी चांदूर रेल्वेचा. वडील रेल्वेत गँगमन होते, आई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. घरात पदवी घेतलेला मी पहिला. अमरावतीच्या कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा इंग्रजीत मुलाखत द्यायची म्हटलं की घाम फुटायचा. बडनेरा रोडला एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर पुण्याच्या एका कंपनीची छोटी शाखा होती, सगळे मिळून पाच जण. तिथं मुलाखतीला वानखडे सर बसले होते. मी अडखळलो तसे म्हणाले, "मराठीत सांग न बाप्पा. मशीनले कुठं इंग्रजी समजते? तिले फक्त बरोबर अन् चूक समजते."

मला नोकरी लागली. आज आईवडील पक्क्या घरात राहतात ते त्या एका वाक्यामुळे. हे मी विसरलेलो नाही… विसरलो असतो तर बरं झालं असतं.

आमचं काम मेनफ्रेमवरचं. मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढा संगणक. आमचा परदेशात होता, तिकडच्या एका विमा कंपनीचा. आम्ही तो कधी डोळ्यांनी पाहिला नाही. त्याच्यावर झेड-व्हीएम नावाची ऑपरेटिंग सिस्टिम चालते. ती एका खऱ्या मशीनच्या पोटात अनेक मशीन्स उभ्या करते, त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्यक्षात त्या कुठंच नसतात, पण प्रत्येकीला वाटतं आपण अख्खा स्वतंत्र संगणक आहोत. या धंद्यात त्यांना गेस्ट म्हणतात. सर म्हणायचे, पाहुणे. आमच्याकडे असे चौदा पाहुणे होते. आम्ही माणसं लॉगिन करायचो तेव्हा आम्हीसुद्धा त्या मशीनच्या लेखी एकेक पाहुणेच असायचो. सगळ्यांची नावं एका यादीत असतात. यादीत नाव नाही, म्हणजे मशीनसाठी तुम्ही जन्मलाच नाहीत.

पाहुण्याला बंद करायचे दोन मार्ग. एक म्हणजे त्याला निरोप द्यायचा. मग तो हातातलं काम आवरून स्वतः बंद होतो. दुसरा म्हणजे फोर्स. एक शब्द टाइप करून एंटर मारायचं, समोरचा जिथं असेल तिथं तुटतो. सर फोर्स करू द्यायचे नाहीत. एकदा एक पाहुणा चाळीस मिनिटं बंद होईना. मी वैतागलो.

"सर, फोर्स मारू का?"

"काहून? जेवतं माणूस ताटावरून उठवतेत का बे?"

"पण सर, चाळीस मिनिटं झाली…"

"तुह्या लग्नात तुलेच उठवतो मंग पंगतीतून. बस गपचूप."

बसलो. बेचाळिसाव्या मिनिटाला तो आपला आपण बंद झाला.

त्यांचा दुसरा नियम डिस्कचा. एकाच डिस्कवर दोन पाहुण्यांना लिहायची परवानगी दिली तर ही सिस्टिम दर वेळी अडवत नाही. दोघं एकमेकांचं लिहिलेलं पुसत जातात, आणि ते कळेपर्यंत महिना जातो. सर म्हणायचे, "एका पाटीवर एकानंच लिहावं. बाकीच्यायनं वाचावं."

मग पुण्याहून ठरलं की सरांची गरज नाही. त्यांच्या जागी मी स्वस्त पडत होतो. पुण्याच्या मॅनेजरनं, कौस्तुभनं, मला वेगळा कॉल केला. "केटी पूर्ण झालं ना? शीटवर तसं लिही, म्हणजे आपण पुढे जाऊ." केटी म्हणजे जाणाऱ्यानं राहणाऱ्याला काम शिकवणं. ते पूर्ण झालं नव्हतं. चौदा पाहुणे कोणत्या क्रमानं बंद करायचे आणि तोच क्रम का, हे सरांच्या डोक्यातच होतं; ते लिहून देणार होते. मी शीटवर "पूर्ण" लिहिलं. लिहिलं नसतं तर सरांना महिना-दीड महिना तरी मिळाला असता. मला माहीत होतं. माझं प्रमोशन अडकलं होतं, एवढंच कारण.

गणपतीच्या आदल्या आठवड्यातला शुक्रवार. मेल आला, की सकाळी अकरा वाजता सरांचा ॲक्सेस काढायचा. त्यांच्याशिवाय तो अधिकार माझ्याकडेच होता. सर शेजारच्या टेबलावर टाइप करत बसले होते. कौस्तुभ व्हिडिओ कॉलवर माझा स्क्रीन बघत होता.

"सर, अकरा वाजून राहिले," मी हळूच म्हणालो.

"एक मिनिट थांब रे, प्रशांत. तुह्यासाठीच लिहून राहिलो."

मी मान वळवून पाहिलं. आम्हा दोघांतल्या नोट्स रोमन कॅपिटल अक्षरांत, पण वऱ्हाडीत असायच्या. पहिली ओळ दिसली – 'प्रशांत, नीट वाच. घाई करू नको.' खाली बरंच काही होतं.

इकडून कौस्तुभ म्हणाला, "प्रशांत, प्लीज. अकरा झाले."

मी फोर्स मारला.

सरांचा स्क्रीन गेला. त्यांनी ती नोट सेव्ह केलेली नव्हती. बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. मग मी यादीतून त्यांचं नाव काढलं, त्यांच्या नावावरच्या सगळ्या फाइल पुसल्या. सगळं त्यांच्यादेखत. त्यांनी डबा पिशवीत टाकला, आणि जाताना माझ्या स्क्रीनकडे वाकून बघत म्हणाले, "हाव. बरोबर टाइप केलं. एका झटक्यात."

ते अकोल्याहून अप-डाऊन करायचे. बाराच्या गाडीनं गेले असतील. त्यानंतर मी त्यांना फोन केला नाही. त्यांनीही केला नाही.

पाच महिने गेले. जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, विमा कंपनीनं एक नवीन पाहुणा मागितला. पंधरावा. मंगळवारी मी त्याला नाव दिलं आणि चौदाव्याची नोंद कॉपी करून त्याची नोंद तयार केली. असंच करतात, वेळ वाचतो. शनिवारी दुपारी तीनला तो पहिल्यांदा चालू करायचा होता.

शनिवारी मी ऑफिसात एकटाच होतो. पावणेएक वाजता डब्यातली पोळी हातात होती तेव्हा स्क्रीनवर एक ओळ आली. तुमच्या रीडरमध्ये फाइल आली आहे. रीडर म्हणजे प्रत्येकाचा टपालाचा ट्रे समजा. पाठवणाऱ्याचं नाव सिस्टिम स्वतः टाकते. नाव होतं वानखडे सरांचं.

मी पोळी खाली ठेवली. यादी उघडली. सरांचं नाव नव्हतं. कसं असेल, मीच काढलं होतं. लॉगिनच्या नोंदी पाहिल्या. सकाळपासून माझ्याशिवाय कुणाचंच लॉगिन नाही.

फाइल उघडली.

'प्रशांत, नीट वाच. घाई करू नको.'

खाली एकेक पाहुणा, ओळीनं. कोणाला आधी निरोप द्यायचा, कोणाच्या मागे कोण, आणि का. चौदाही. आणि शेवटी पंधरावं नाव… मी मंगळवारी ठेवलेलं. त्याच्यापुढे लिहिलं होतं – 'याले चौदाव्याच्या पाटीवर लिहायले बसवू नको.'

पंधराव्याची नोंद काढून बघितली. कॉपी करताना डिस्कची ओळ मी बदललीच नव्हती. दोघांना एकाच डिस्कवर लिहायची परवानगी होती. तीनला तो चालू झाला असता, तर लोकांच्या क्लेमच्या नोंदी एकमेकींवर चढल्या असत्या, आणि माझी नोकरी तर गेलीच असती.

ती ओळ दुरुस्त केली. तीनला सगळं सुरळीत चालू झालं.

खरं सांगतो, मला तेव्हा भीती वाटली नाही, राग आला. मला वाटलं, सरांनी जाण्याआधी आत शिरायला कुठंतरी चोरदरवाजा ठेवलाय. ते रोज आत येतात, माझं काम बघतात, माझ्या चुका मोजतात. हे पुण्याला कळवलं असतं तर सरांवर पोलीस केस झाली असती. म्हणून नाही कळवलं… असं मी स्वतःला सांगितलं. कौस्तुभला फक्त म्हणालो, की फेरतपासणीत एक चूक सापडली, दुरुस्त केली. तो खूश. पुढच्या महिन्यात कंपनीच्या पेजवर हारासकट माझा फोटो लागला, 'स्टार परफॉर्मर' म्हणून. आईनं तो शेजारपाजारी दाखवला.

पण त्याआधी, त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी, मी त्या फाइलचा प्रिंटआउट घेऊन अकोल्याला गेलो. गाडीत बसून प्रश्न पाठ केले होते. कुठून आत येता? कशासाठी?

डाबकी रोडला घर. दार काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं उघडलं. मी "जयभीम" म्हणालो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जयभीम. तुमी प्रशांत न?"

"हो काकू. तुम्ही कसं ओळखलं?"

"कंपनीतून कोणी येईन तर तो प्रशांतच येईन, असं म्हनत होते. दोन महिने वाट पायली त्यायनं. मंग पायनं सोडलं." त्या बाजूला झाल्या. "या. जेऊन राहिले ते. मंधात बोलू नका, ठसका लागते."

सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती. उजवा हात मांडीवर पडला होता, कुणी ठेवून गेल्यासारखा.

"दिवाळी झाली अन् चवथ्या दिवशी झटका आला," काकू म्हणाल्या. "वाचा गेली. उजवं अंग गेलं. समजते सगळं. बोलता येत नाई, लिवता येत नाई."

म्हणजे ती फाइल येण्याच्या अडीच महिने आधी.

"घरी लॅपटॉप, कॉम्प्युटर काही…?" मला विचारावंच लागलं.

"लॅपटॉप तं तुमच्या लोकायनं त्याच दिवशी ठेवून घेतला. घरी टीव्ही हाय. काहून?"

 काकू पातळ भाताचा चमचा सरांच्या तोंडाशी नेत राहिल्या. एका घासाला तीन-चार मिनिटं. मी खुर्चीवर बसून होतो. सरांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"कंपनीबद्दल ते एका अक्षरानं बोलले नाईत," काकू चमच्याकडे बघत म्हणाल्या. "एकच म्हनले, पोराले एक मिनिट मांगतला, नाई देल्ला."

जेवण संपायला सव्वा तास लागला. मी सव्वा तास थांबलो. आता थांबायला मला काय अडचण होती!

त्यांचं तोंड पुसून झाल्यावर मी प्रिंटआउट त्यांच्यासमोर धरला. ते वाचत होते, डोळे ओळीओळीनं खाली सरकताना दिसत होते. पंधराव्या नावावर थांबले. डाव्या हाताचं बोट हळूच उचलून त्यांनी त्या ओळीवर टेकवलं, आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. केली होतीस ना चूक, असं विचारल्यासारखं. मी मान हलवली. हो सर, केली होती.

मला वाटलं, आता ते हसतील. निदान डोळ्यांनी. त्यांनी त्याच बोटानं कागद माझ्याकडे सरकवला आणि तोंड भिंतीकडे केलं.

"झालं तुमचं काम?" काकूंनी विचारलं. "मंग बसा, जेवून जा. या घरातून कोणी उपाशी जात नाई."

वाढलं तेवढं जेवलो. ताटावरून कुणी उठवलं नाही.

नंतर या क्षेत्रातल्या दोघा मित्रांना नाव न सांगता विचारलं. एक म्हणाला, जुनी फाइल कुठल्या तरी बॅकअपमधून परत आली असेल. दुसरा म्हणाला, वेळ लावून ठेवली असेल, त्या वेळी आपोआप सुटली. पण जी नोट कधी सेव्हच झाली नाही ती बॅकअपमध्ये जाईल कशी? पंधरावं नाव मी ठेवायच्या पाच महिने आधी ते कुणाला कसं माहीत असेल?

ती फाइल अजून माझ्या रीडरमध्ये आहे. पुसलेली नाही. एकदा उत्तर पाठवून पाहिलं. सिस्टिम म्हणाली, या नावाचं कुणी नाही.

ती कशी आली, मला माहीत नाही. या सदरात कुणाला कारण सापडलं तर जरूर सांगा, मी शोधून थकलो आहे. पण रात्रंदिवस डोक्यात असतं ते वेगळंच. ती का आली, हे तर मला मुळीच कळत नाही. कारण सरांच्या जागी मी असतो, तर पाठवली नसती.