जाऊबाई आणि पेचकसाचं पाकीट

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षरही वाकडं आहे, त्याबद्दल माफी. चौथीनंतर शाळा सुटली, लिहिणं वाण्याच्या यादीपुरतं उरलं. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही.

माझी मुलगी वस्तूंचं डिझाइन शिकते, दिल्लीतच मुनिरकाला खोली घेऊन राहते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तिने पेचकसाचा, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचा, सेट निवडला. एक मूठ, तिला बदलून लावायची लहानमोठी टोकं, आणि सगळं कडक प्लास्टिकच्या पाकिटात बंद. घरातल्या कुणालाही तो सहज उघडता, वापरता यावा असा नवा सेट तिला करायचा होता. त्याआधी जुना सेट हाताळताना लोक कुठे अडतात ते बघायचं. "रविवारी तू आणि काकू करून दाखवा," म्हणाली. काकू म्हणजे माझी मोठी जाऊ. एम.ए. झालेली, सरकारी ऑफिसात अधिकारी. आमच्यासारखीच द्वारकेत राहते, पण आमच्यापेक्षा मोठ्या सोसायटीत.

तिच्यासमोर फजिती नको म्हणून मी शनिवारी बाजारातून तसाच सेट आणला आणि दुपारभर हात बसवला.

रविवारी मी कात्रीने पाकीट मागून कापलं, बरोबर टोक लावलं, कपाटाची बिजागरी घट्ट केली. मुलगी मोबाइलवर शूटिंग करत होती. तिने मोबाइल खाली घेतला. "आई, प्रॅक्टिस केलीस ना?"

मी कात्री टेबलावर ठेवली.

"यार आई! मग ह्याचा काय उपयोग?"

जाऊबाईंनी पाकीट नखांनी ओढलं, सुरीने टोचलं, शेवटी दातांत धरलं. सगळी टोकं सोफ्याखाली. मी उचलायला वाकले तर मुलीने अडवलं. "हात नको लावूस. फक्त बघ." आणि मग, "काकू, तू एकदम परफेक्ट आहेस!"

म्हणजे मला आलं म्हणून मी बाद, आणि तिला येईना म्हणून ती परफेक्ट.

नवा सेट मुलीने जाऊबाईंच्याच हातांवरून बेतला. ओढायला पट्टी, टोकांवर रंगीत कडी, उलटा केला तरी न सांडणारा डबा. नमुना बनवायचे पैसेही जाऊबाईंनीच दिले, मला न विचारता. कॉलेजच्या प्रदर्शनात त्यांचा फोटो लावला होता. दातांत पाकीट धरूनही बाई फोटोत छान दिसते.

"घरातलेच पैसे आहेत, राहू दे," हे म्हणाले. मी ऐकलं नाही. साड्यांना फॉल लावून थोडे थोडे करत फेडले. शेवटचे पैसे लिफाफ्यात घातले आणि चारही कडांना चिकटपट्टी लावली. एवढीची गरज नव्हती.

"अगं, बँकेचं सील आहे का हे?" जाऊबाई नखाने कड शोधायला लागल्या. "जरा कात्री दे ना."

कात्री माझ्या शेजारच्या टेबलावरच होती. मी हात पाठीमागे घेतले आणि फक्त बघत उभी राहिले. शेवटी त्यांनी लिफाफा दातांत धरला. नोटा बाहेर आल्या, त्यांनी मोजल्या.

"झाले गं सगळे," म्हणाल्या.