पाहणीच्या दिवशी झाडलेली गल्ली

नगरपरिषदेच्या योजनेसाठी अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या गल्लीत पदवीधर मुली दोनच आणि दुसरी लग्न होऊन वसईला गेली होती. मी इंग्रजी माध्यमातली. मराठी बोलते नीट, पण लिहायला घेतलं की हात अडखळतो. शेजारच्या मावशींना हे पटलं नाही. "एवडी फी भरली तुज्या आयनं, एक अर्ज नाय लिवता येत?" मावशी मूळच्या समुद्रकाठच्या नवापूरच्या, सुकी मासळी विकतात. पालघरच्या आमच्या गल्लीत त्यांना सहसा कोणी नाही म्हणत नाही.

योजना अशी होती की प्रत्येक प्रभागातून एकच वस्ती निवडायची आणि तिला स्वच्छता आणि सुरक्षितता या दोन्हींसाठी एकत्र निधी द्यायचा. कचराकुंड्या, नाल्याला कठडा, खांब, दिवे. मला त्यातले दिवे हवे होते.

आई तारापूरच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला जाते. संध्याकाळी कंपनीची बस तिला नाक्यावर सोडते. तिथून गल्लीपर्यंत नाल्याच्या कडेने अंधारातच यावं लागतं. डिसेंबरात तिथे मोटरसायकलवरच्या एकाने तिच्या मंगळसूत्राला हात घातला. ते तुटलं आणि अर्धं तिच्या मुठीत राहिलं. पोलिसांत जायला ती तयार झाली नाही. तेव्हापासून बसमधून उतरली की ती मला फोन लावते. बोलत काही नाही. मी तिच्या चपलांचा आवाज ऐकत बसते.

अर्ज दिला. सोबत वळणावरच्या कचऱ्याच्या ढिगाचे फोटो जोडले. मग एका दुपारी कार्यालयातून फोन आला की उद्या सकाळी अकराला साहेब पाहणीला येतील. मी ते फक्त मावशींना सांगितलं. सगळं आहे तसंच राहू द्या, हे सांगितलं नाही. ते सांगावं लागेल असं माझ्या मनातही आलं नाही.

सकाळी आठला बाहेर आले तर गल्ली ओली होती. सात-आठ जणी पाचपासून झाडत होत्या. दारांपुढे सडे पडले होते. वळणावर जिथे ढीग असायचा तिथे रांगोळी, आणि तिच्यामागे टेबल टाकून चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या. ढीग मागच्या भिंतीला सरकवला होता. मासळी वाळवायची मावशींची निळी ताडपत्री त्याच्यावर पसरून कडेने विटा ठेवल्या होत्या.

"मावशी, हे का केलं?"

"साहेब येनार ना? मानूस दारात येतो तर त्याला घान दाकवायची काय?"

"पण तीच तर दाखवायची होती."

"फोटू काडलेस ना तू? मंग झालं."

"हिला रांगोळी नाय आवडली," मागून एकजण म्हणाली आणि बाकीच्या हसल्या.

अकरापर्यंत वेळ होता. मी घरात जाऊन काय बोलायचं ते मनात जुळवू लागले. आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग पुन्हा पहिल्यापासून. आईने त्या दिवशी रजा घेतली होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "त्यांना दुखवू नकोस. इथेच राहायचंय आपल्याला."

साहेब स्कूटरवरून एकटेच आले, वीस मिनिटं उशिरा. मावशींनी कोकम सरबत पुढे केलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "छान ठेवलीय हो गल्ली."

"बगा ना साहेब. खाली बसून जेवा, अशी हाय."

त्यांनी फाइल उघडली. माझ्या फोटोंची झेरॉक्स काढताना नुसते काळे डाग उठले होते. "हे कुठलं?"

"इथलंच," मी म्हणाले.

"जुना फोटू असंल," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जराही फरक पडला नाही.

साहेबांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "अर्जात घटना एक लिहिलीय, पण पोलिसांत तक्रार नाही. तक्रार नसेल तर मला ती धरता येत नाही. मग राहिला कचरा. आणि तो तर दिसत नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "अजून दोन वस्त्या बघायच्यात."

आई दारात उभी होती. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवेना. मी भिंतीकडे गेले, पायाने दोन विटा सरकवल्या आणि ताडपत्रीचं टोक धरून ओढलं.

वास आधी आला, मग माश्या उठल्या. सगळ्यात वर आमच्याच घरातल्या दुधाच्या पिशव्या होत्या.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "हे रोज असतं?"

"रोज. आज फक्त झाकलंय." मग म्हणाले, "इथून नाक्यापर्यंत एकही दिवा नाही. माझी आई तिथूनच येते."

तेवढंच बोलू शकले. त्यांनी फोनवर फोटो काढले आणि उभ्यानेच बराच वेळ लिहिलं. सरबत तसंच राहिलं.

ते गेल्यावर मावशी ताडपत्रीची घडी घालत म्हणाल्या, "झाली हौस? पाच वाजल्यापासनं वाकून झाडलं आमी. तू झोपली व्हतीस."

ते खरंच होतं.

काही आठवड्यांनी यादी लागली, तिच्यात आमची वस्ती होती. मावशी तोवर माझ्याशी बोलत नव्हत्या. काही सांगायचंच झालं तर माझ्यासमोर आईला सांगायच्या, "तुज्या पोरीला सांग." खांब रोवायला माणसं आली तेव्हा मुकादमाने पहिला खड्डा गल्लीच्या तोंडाशी, मावशींच्या दारासमोरच आखला. मावशी बाहेर येऊन त्याच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "हितं नको. तितं नाक्यावर बस थांबते, पयला तितं रोव. हितला मागनं बगू."

त्याने कुरकुर केली, पण पहार उचलली. मावशी त्याच्या पाठोपाठ नाक्यापर्यंत गेल्या आणि खड्डा खणून होईपर्यंत हलल्या नाहीत. मी थोडं अंतर ठेवून मागे गेले होते. शेवटी जवळ जाऊन म्हणाले, "मावशी, मी आदल्या दिवशीच तुम्हाला नीट सांगायला हवं होतं."

त्यांनी खड्ड्यावरून नजर काढली नाही. "मंग सांगायचं व्हतंस," त्या म्हणाल्या. "तोंड हाय ना तुला."