बोका मध्येच थांबला

"बंद केल्या म्हणजे?"

"बंदच की, बाई. गेल्या आठवड्यापासून फिटची एक गोळी नाही. अन् पोरगं बघा कसं टुणटुणीत आहे!" वेल्डरने पोराला खांद्यावरून खाली उतरवलं. चेहरा असा, जणू हाच शाळेत पहिला आलाय.

बाईंच्या हातातली चटई अर्धी उलगडलेली तशीच राहिली.

"डॉक्टरांना विचारलंत?"

"ते कशाला हो म्हणतील? गिऱ्हाईक तुटतंय त्यांचं. आणि मेळाव्यात माइक धरून तुम्हीच बोललात ना, औषधाला जमलं नाही ते श्वासाने केलं म्हणून? आमच्या हिला तर पाठ झालंय ते."

बोलल्या होत्या. टाळ्या पडायला लागल्या की माणसाची जीभ सैल सुटते, तशी त्यांची सुटली होती.

दारात पोरांच्या आया उभ्या होत्या. बोलत एकमेकींशी होत्या, कान मात्र इकडे. त्यातल्या निम्म्या त्या एका वाक्यावर पोरं घेऊन येतात, हे बाईंना पक्कं ठाऊक. आत्ता शब्द मागे घ्यावा, तर वर्गच उठायचा. "वर्ग झाला की बोलू," एवढंच म्हणाल्या. वेल्डर बाहेरच्या बाकावर पाय पसरून बसला.

बाई मूळच्या बेकरीतल्या. अर्धं आयुष्य मैदा मळण्यात गेलं. पाठीने दगा दिला तेव्हा नाइलाजाने आसनं शिकल्या, मग शेजारच्या ताठ हातापायांच्या पोरीला हात लावला, आणि हे खूळ मागे लागलं ते लागलंच. वर्ग भरतो तोही बेकरीच्या मैद्याच्या गोदामात. पलीकडे भट्टी, म्हणून एक भिंत कायम कोमट. ताठलेली पोरं आधी त्या भिंतीला पाठ लावून बसतात, जरा सैल पडली की चटईवर येतात. मळलेला मैदा ओढला की तुटतो, पडू दिला की आपसूक ढिला होतो. बाई पोरांचे हातपायही तसेच धरतात. ओढत नाहीत, वाट बघतात. त्यात एक बहिरी पोर, ती फळ्यांच्या जमिनीवर तळवा टेकून बसते. बाईंनी फळीवर मारलेली एक थाप म्हणजे श्वास आत, दोन थापा म्हणजे बाहेर. बाईंचा स्वतःचा हात पायाच्या बोटांना लागून जमाना झाला, पोट आडवं येतं. "मावशी, तुला बोटं आहेत का अजून?" असं कारटी विचारतात.

आणि वेल्डरचं पोर म्हणजे बोका. डावी बाजू लुळी, त्यात फिट यायच्या. पण मांजराच्या आसनात पाठ अशी उचलायचा, की खरं मांजर लाजून निघून जावं. बरेच महिने फिट नव्हती. गोळ्याही चालू होत्या, आसनंही चालू होती. श्रेय कोणाचं ते बापाने ठरवलं, आणि बाईंनी ते गोड मानून घेतलं.

आज भिंत नको तेवढी तापली होती. बाईंनी बोक्याला अगदी समोर घेतलं.

थाप. पोरांनी पाठी खाली सोडल्या. थाप, थाप. वर घेतल्या. बोक्याचा डावा अंगठा हलला. नुसता अंगठाच. माशी बसली असेल, बाईंनी मनाला सांगितलं. गोदामात माशी नव्हती.

थाप. थाप, थाप.

पुढच्या थापेला सगळ्यांच्या पाठी खाली आल्या, बोक्याची वरच राहिली. डोळे भिंतीवर. ओठ हलत होते, काही चघळत असल्यासारखे.

"मावशी, बोक्याला उंदीर दिसला!" चाकाच्या खुर्चीतलं पोर ओरडलं. सगळी खिदळली.

"बोक्या?"

भिंतीपलीकडे कोणीतरी भट्टीचं दार धाडकन लावलं. बोक्याची पापणीही लवली नाही. मग हळूच मान वळली.

"मावशी, थाप पडली का?"

बाईंनी त्याला कुशीवर निजवलं, डोक्याखाली आपली ओढणी घातली. मागे मागे सरकत दारापर्यंत गेल्या, तोंड पोराकडेच ठेवून, आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वेल्डरदादा, आत या. बाकीच्यांनीही ऐका. मेळाव्यात मी बोलले ते खोटं होतं. झटके गोळ्यांनी थांबले होते. माझ्याने नाही."

"मग इतके दिवस काय केलंत तुम्ही?" वेल्डरचा आवाज चिरकला.

"पाठ मोकळी केली. हात वळता केला. तेवढंच येतं मला. ते पुन्हा सुरू होतंय, आत्ता बघितलं मी. घरी नका जाऊ, थेट डॉक्टरकडे. पायी नको, गाडी बघा. गोळ्या कधी बंद केल्या ते खरं सांगा, लाजू नका."

"लाजायचं कोणी, बाई?"

एका आईने आपल्या पोरीची चटई गुंडाळली. दुसरी अजून विचारात होती.

वेल्डरने बोक्याला खांद्यावर घेतलं आणि तो रिक्षा गाठायला पळत सुटला. बापाच्या पाठीवर पोराची डावी मूठ लोंबत होती. मिटत होती, उघडत होती, मिटत होती. गल्लीच्या वळणापर्यंत बाईंना ती दिसत राहिली.

आत बहिरी पोर फळीवर तळवा टेकून तशीच बसली होती. श्वास अर्ध्यात धरलेला, नजर बाईंवर.

बाई गुडघ्यावर हात देऊन खाली बसल्या. रिकाम्या चटईकडे न बघता त्यांनी जमिनीवर दोन थापा मारल्या.